डाग खाली, गळती वर

सकाळी गाडी बाहेर काढली, सहज मागे वळून पाहिलं, आणि जिथं ती रात्रभर उभी होती तिथं फरशीवर नाण्याएवढा काळा डाग. घडलेलं एवढंच. इंजिन नेहमीसारखं पहिल्या झटक्यात सुरू झालेलं असतं, समोर कुठला लाल दिवा नसतो, आवाजात फरक नसतो. तरी तो डाग मनातून जात नाही. दिवसभरात मध्येच आठवतो, संध्याकाळी गाडी लावताना नजर आपोआप बोनेटच्या खाली वळते. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीचा डाग पाहून दोन गोष्टी एकदमच वाटतात. एक म्हणजे काळजी, की आत कुठंतरी काहीतरी सुटत चाललंय. दुसरी समजूत, की जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच. काळजी किती करायची आणि समजूत कुठवर घालायची हे मात्र तो डाग कशाचा आहे आणि कुठून आला आहे हे कळल्याशिवाय ठरत नाही.

आधी कशाचा, ते. पांढरा टिश्यू पेपर डागावर टेकवायचा आणि उजेडात न्यायचा. इंजिन ऑइल ताजं असेल तर मधासारखं दिसतं, वापरलेलं असेल तर तपकिरी किंवा काळं. बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं आणि पाण्यानं धुऊन जात नाही. लालसर आणि पातळ असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल असण्याची शक्यता जास्त. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचं आणि पाण्यानं सहज निघणारं असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी. गिअर ऑइल जाडसर असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. ब्रेक ऑइल पातळ, फिकट पिवळं, आणि ते सहसा चाकाजवळ किंवा ब्रेक पेडलच्या पुढच्या मास्टर सिलिंडरच्या खाली सापडतं. ते दिसलं तर गाडी जागची हलवायची नाही, बाकी सगळं नंतर. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वासही नसतो. दोन मिनिटांचं हे काम आहे. ते न करता लोक सरळ इंजिनचं टॉपअप करतात, आणि गळत असतं भलतंच.

ऑइल इंजिनचंच आहे असं ठरलं की किती जातंय ते मोजायचं. साधारण २० ते ३० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला एक थेंब, म्हणजे दिवसाला १,४४० थेंब, म्हणजे ५० ते ७० मिलिलिटर. अखंड तसंच गळत राहिलं तर एक लिटर जायला दोन ते तीन आठवडे. बहुतेक गाड्यांच्या डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीवर, खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एका लिटरचं अंतर असतं. म्हणून फरशीवरचा डाग मनाला कितीही मोठा वाटला तरी खरा हिशेब डिपस्टिकचाच. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी, दर आठवड्याला त्याच वेळी ती पाहायची आणि किलोमीटरच्या आकड्यासोबत लिहून ठेवायची. उलटंही घडतं. खाली एक थेंब नसतो आणि पातळी मात्र घटत जाते, कारण ऑइल गरम सायलेन्सरवर पडून तिथंच जळतं, किंवा सिलिंडरमध्ये जातं. सिग्नलला थांबल्यावर बोनेटच्या फटीतून येणारा तो जळका, डोक्यात जाणारा वास हा अशा गळतीचा पहिला निरोप असतो.

आता कुठून.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण या कामाला जशीच्या तशी लागू पडते. थेंब जिथं पडतो ती तेलाच्या प्रवासाची शेवटची जागा. इंजिनच्या वरच्या कडेला सुटलेला थेंब ब्लॉकच्या कडेनं उतरतो, एखाद्या ब्रॅकेटवर आडवा वळतो, वायरिंगच्या नळीला धरून फूटभर पुढं जातो, आणि सगळ्यात खाली जो बोल्ट किंवा जी कड सापडेल तिथं लोंबकळतो. गाडी पळत असताना पंख्याचा आणि समोरचा वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे पुढच्या सीलची, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याची गळती मागे चेंबरवर, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यावर दिसते, आणि टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाची गळती गिअरबॉक्सच्या सांध्यात. शोधताना नियम एकच: ओलं असलेलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ठिकाण सापडलं पाहिजे. त्याच्या खालचं आणि मागचं सगळं ओलं असलं तरी ते फक्त वाटेवरचं आहे.

हा नियम विसरणं सगळ्यात महाग पडतं ते क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलच्या बाबतीत. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेले असतात त्या बेल हाउसिंगच्या तळातून थेंब पडताना दिसला की निदान तोंडावर तयार असतं: मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा. गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे दिवसभराचं काम. ते होतं, सील बदललं जातं, गाडी परत येते, आणि आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा थेंब. कारण दोष होता टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. तिथून ऑइल इंजिनच्या पाठीमागून, जिथं मान घालूनही दिसत नाही तिथून, बेल हाउसिंगवर उतरत होतं. तीच गत प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या ओ-रिंगची, तीच ऑइल प्रेशर स्विचची, तीच हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला बसवलेल्या कॅमच्या बुचाची. या चारही जागा आरसा आणि टॉर्च घेऊन तपासायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास न देता गिअरबॉक्सला हात लावणं हा गाडीवर आणि मालकावर अन्यायच आहे. असं ठामपणे म्हणतो, कारण मागच्या सीलचं निदान खरं निघतं तेव्हाही, वरच्या जागा कोरड्या आहेत याची खात्री करून घेतलेली असेल तरच ते निदान म्हणायचं. नाहीतर तो अंदाज.

शोधायला सुरुवात करायची ती धुण्यापासून. कित्येक वर्षांची धूळ आणि तेल मिळून इंजिनवर जो काळा, मेणचट थर बसलेला असतो, त्याच्यावर नवी गळती दिसणं शक्यच नसतं. इंजिन कोमट असताना डीग्रीजर फवारायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं, जाड थर जुन्या ब्रशनं किंवा लाकडी पट्टीनं खरवडायचा आणि हलक्या धारेनं धुवायचं. त्याआधी अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, एअर फिल्टरचं तोंड, फ्यूज बॉक्स आणि उघडी सॉकेट प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधायची. प्रेशर वॉशर जवळ नेऊ नये. त्याची धार जुन्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये पाणी घालते आणि एका दोषाचे दोन दोष होतात. कोपरे ब्रेक क्लीनर आणि फडक्यानं पुसून काढावेत. गाडी पुढून उचलायची तर मागच्या चाकांना अडसर, हँडब्रेक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली एक मिनिटसुद्धा जायचं नाही, पान्हा घरंगळत आत गेला तरी नाही.

धुतलेलं जुनं इंजिन पाहण्यासारखं असतं. ज्याला आपण काळं समजत होतो तो ॲल्युमिनियमचा राखाडी भाग निघतो, ब्लॉकवर ओतीव अक्षरं दिसायला लागतात, कुठल्यातरी जुन्या कारागिरानं बोल्टवर मारलेली पिवळ्या रंगाची खूण वर येते. आणि त्याबरोबर थोडी हुरहुरही लागते, कारण आता लपायला जागा उरलेली नसते. जे काही सुटलंय ते आता दिसणार.

मग इंजिन चालवायचं. पहिली दहा मिनिटं जागेवर, मग वीसेक किलोमीटर साधी चक्कर, कारण काही गळत्या ऑइल पुरतं गरम होऊन पातळ झाल्याशिवाय आणि रेस वाढल्याशिवाय बाहेरच पडत नाहीत. परत आल्यावर टॉर्च घेऊन वरून खाली, पुढून मागे. साध्या डोळ्यांना दिसलं नाही तर संशयाच्या जागेवर टाल्कम पावडर किंवा पायाला मारायचा पावडरचा स्प्रे पातळ मारायचा. पांढऱ्या पृष्ठभागावर तेलाची काळी रेघ उमटते, आणि ती रेघ जिथून सुरू होते तिथंच बोट ठेवायचं. ही युक्ती स्वस्त आहे आणि तिच्यावर बहुतेक वेळा विसंबता येतं. तरीही पत्ता लागला नाही, किंवा एकापेक्षा जास्त ठिकाणी शंका असेल, तर ऑइलमध्ये घालायचा फ्लोरोसंट डाय मिळतो. बाटलीवर दिलेलं प्रमाण पाहून, अंदाजे ३० मिलिलिटर पूर्ण इंजिनला, दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवायची, आणि अंधारात यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा लावून पाहायचं. गळती हिरव्या-पिवळ्या रंगात चमकते. बोनेटखालच्या काळोखात टॅपेट कव्हरच्या कडेनं एक बारीक, काजव्यासारखी हिरवी रेघ उजळलेली दिसते तेव्हा कित्येक महिन्यांचा प्रश्न एका क्षणात मिटतो.

रबर म्हातारं कसं होतं हे एकदा समजून घेतलं की गळतीचा राग जातो. इंजिनमधली बरीच जुनी गॅस्केट आणि सील नायट्राइल रबराची, त्याआधीची बुचाच्या लाकडाची म्हणजे कॉर्कची. गॅस्केटचं काम म्हणजे दोन धातूंच्या मधे दबून राहणं आणि सतत बाहेर पडायचा जोर लावत राहणं. तो जोर म्हणजेच सीलबंदपणा. इंजिन रोज गरम होतं, १०० अंशांच्या आसपास जातं, रात्री थंड होतं. प्रत्येक फेरीत धातू थोडा वाढतो, थोडा आकसतो, आणि रबरातले मऊपणा देणारे घटक थोडे उडून जातात. दहा-पंधरा वर्षांनी ते दबलेल्या आकारातच कायमचं गोठतं. काढून हातात घेतलं की ते गोल राहिलेलं नसतं, चौकोनी होऊन बसलेलं असतं, आणि वाकवलं की प्लास्टिकसारखं कट्कन मोडतं. ते तुकडे पाहून वाटतं, एवढी वर्षं यानंच तेल अडवून धरलं होतं. म्हणूनच नुसता बोल्ट आवळून गळती थांबत नाही. ज्याच्यात परत उसळायची ताकदच उरली नाही त्याला आणखी दाबून काय उपयोग? उलट पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्टखाली खड्डा पडतो, दोन बोल्टांच्या मधला भाग वर उचलला जातो आणि गळती वाढते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तर आटेच निघून येतात.

मात्र रबराला दोष देण्याआधी एक तपासणी करायलाच हवी, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त राहून जाते. सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली झिरपतच असतो, नव्या इंजिनातही. तो बाहेर काढायला ब्रीदर म्हणजे वायू सोडणारी नळी, आणि तिच्यावरचा पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह काळ्या चिखलानं तुंबला, किंवा ब्रीदरची नळी आतून फुगून बंद झाली, की इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि मिळेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलतो. अशा इंजिनला नवं गॅस्केट घातलं तर ते महिनाभर टिकतं, मग दुसरीकडून गळती लागते, मग तिसरीकडून. मालक म्हणतो गाडी संपली. संपलेली नसते, तिचा श्वास अडकलेला असतो. परीक्षा सोपी: गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि तोंडावर पातळ कागद टेकवायचा. पेट्रोल इंजिनमध्ये कागद हलकासा आत ओढला गेला पाहिजे. तो वर उडत असेल, धुराचे भपकारे येत असतील, तर आधी व्हॉल्व्ह काढून हलवून पाहावा. साधा व्हॉल्व्ह चांगला असेल तर आतला भाग खुळखुळतो. नळीतून फुंकून पाहावं. दोन्ही मोकळं असूनही दाब येत असेल तर रिंगांची झीज आहे का हे कंप्रेशन टेस्टनं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजून, पाहावं लागतं. जुन्या डिझेल इंजिनमध्ये इनटेकला तशी ओढ नसते, त्यामुळे तिथं थोडी फडफड चालते, पण ब्रीदरची नळी मोकळीच हवी. पीसीव्ही व्हॉल्व्ह हा इंजिनमधला सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे. शंका असली तरी बदलून टाकावा.

आता प्रत्यक्ष काम. जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा जे करावं लागतं ते टॅपेट कव्हरचं गॅस्केट, गॅरेजच्या भाषेत टॅपेट कव्हरचं पॅकिंग. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. प्लगच्या वायर काढण्याआधी त्यांच्यावर चिकटपट्टीनं नंबर घालायचे, आणि ओढायच्या त्या बुटाला धरून, वायरला धरून नाही. ब्रीदरच्या नळ्या जुन्या असतात, वळवून सैल करायच्या. ओढल्या तर टोकाशी चिरतात, म्हणून जवळ नवी नळी आणि क्लिप ठेवलेली बरी. बोल्ट बाहेरून आत, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा सैल करत यायचं. कव्हर चिकटून बसलेलं असेल तर रबरी हातोडीनं कडेला टकटक करायची. स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचलायचा मोह इथं होतो, आणि ॲल्युमिनियमच्या कडेवर पडलेला एक ओरखडा पुढच्या गळतीची वाट होऊन बसतो.

कव्हर उघडल्याबरोबर आत स्वच्छ फडकं पसरून टायमिंग चेनची पोकळी आणि ऑइल परत जायची भोकं झाकायची. जुन्या गॅस्केटचा एक कडक तुकडा आत पडला तर तो खाली चेंबरमध्ये जाऊन पंपाच्या जाळीवर बसू शकतो. हेडची कड प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीनं खरवडायची. पॉलिश पेपर नको, ड्रिलला लावायची घासणी तर मुळीच नको. तिच्यातून उडणारी कुरुंदाची भुकटी ऑइलमधून थेट बेअरिंगपर्यंत जाते. शेवटी कड ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, फडकं पांढरं राहीपर्यंत. नखानं कड चाचपून पाहावी. नख कुठं अडलं नाही पाहिजे. पत्र्याचं कव्हर असेल तर ते सपाट काचेवर उपडं ठेवून सगळीकडे टेकतंय का पाहायचं, आणि बोल्टच्या भोकांभोवती खड्डे असतील तर लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून आतून हलके ठोके देत ते सरळ करायचे. हे न करता नवं गॅस्केट घालणं म्हणजे वाकड्या दाराला नवी कडी.

रबरी गॅस्केट कोरडंच बसवतात, कव्हरच्या खाचेत, सगळीकडे सारखं दाबून, कुठं पिळ न पडता. सीलंट लावायचं ते फक्त जिथं सरळ कड सोडून वळण किंवा पायरी येते तिथं: हेडच्या टोकाला बसणाऱ्या अर्धचंद्राकृती रबराच्या दोन्ही टोकांना आणि टायमिंग कव्हर हेडला मिळतं त्या सांध्यांवर. हिरव्या मुगाएवढा ठिपका, बस. सीलंट जास्त लावलं की जास्त पक्कं होतं असा एक समज आहे, आणि त्यानं कित्येक इंजिनांचं नुकसान केलंय. बाहेर आलेलं जादा सीलंट आपल्याला दिसतं, पुसताही येतं. तेवढंच आतही गेलेलं असतं. ते रबरी शेवयांसारखं सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं, आणि मग ऑइल असूनही बेअरिंगला पोचत नाही. बोल्ट मधल्यापासून बाहेर, तिरकस जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. हे बहुधा ६ मिलिमीटरचे बोल्ट असतात आणि त्यांना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. हा जोर आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप कमी असतो. मनगटानं आवळण्याचा, खांद्यानं नव्हे. प्लगच्या नळ्यांभोवतीची सील त्याच वेळी बदलावीत. ती गेली की प्लगच्या विहिरीत ऑइल साठतं आणि इंजिन अडखळायला लागतं. विहिरीत आधीच ऑइल असेल तर प्लग काढण्याआधी ते टिपून घ्यायचं, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये उतरतं. सीलंटच्या ट्यूबवर लिहिलेला वेळ, बहुधा पूर्ण एक दिवस, जाऊ द्यायचा. गाडी त्याच संध्याकाळी हवी असते, तरीही.

बाकीच्या साध्या जागा पटकन सांगण्यासारख्या. ऑइल फिल्टर बदलल्यावर लगेच गळती लागली तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिलेली असते आणि एकावर दुसरी बसलेली असते. अशी गळती ठिबकत नाही, धार लागते, इंजिन त्याच क्षणी बंद करायचं. नव्या रिंगेला ऑइलचं बोट फिरवून फिल्टर हातानं टेकेपर्यंत आणि मग साधारण पाऊण फेरा. ड्रेन प्लगचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा. आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवता येतं, पूर्ण चेंबर बदलायची गरज नसते. ऑइल प्रेशर स्विच आतूनच फुटतो आणि कनेक्टरमध्ये ऑइल भरतं. तो कोरडा दिसला तरी कनेक्टर काढून आत पाहावं, कारण तिथं ऑइल दाबाखाली असतं आणि बारीक भेगेतूनही भरपूर बाहेर पडतं. अनेक स्विचचं अर्थिंग त्यांच्या आट्यांतूनच होत असतं, म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळू नये.

फिरत्या शाफ्टची सील ही वेगळी जात. तिथं रबराचा एक पातळ ओठ, मागे बारीक स्प्रिंगचं कडं घेऊन, मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या शाफ्टला टेकलेला असतो. इतक्या वर्षांत त्या ओठानं पोलादावरसुद्धा बारीक खाच पाडलेली असते. नवं सील त्याच खाचेवर बसवलं की ते पहिल्या दिवसापासून गळतं, आणि लोक सीलला नावं ठेवतात. नख फिरवून खाच लागते का पाहायचं. लागली तर सील मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठाला नवी जागा द्यायची, तेवढी जागा नसेल तर शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवायची. साध्या रबरी ओठाला बसवताना ऑइल लावतात. टेफ्लॉनच्या, स्प्रिंग नसलेल्या ओठाला बहुधा कोरडंच बसवायचं असतं. तिथं पाकिटावरची सूचना वाचावी. पुढचं क्रँक सील आणि कॅमची सील टायमिंग बेल्ट बदलायच्या वेळीच बदलावीत, कारण वाट तीच. आणि मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स खरोखर उतरलाच, तर क्लच, रिलीज बेअरिंग, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील हे सगळं त्याच वेळी पाहून घ्यावं. काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या, बोल्टांची भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडतात. त्या बोल्टांच्या आट्यांना सीलंट लावायचं राहिलं तर नवं सील घालूनही तिथूनच ऑइल येतं. क्रँक पुढं-मागं किंवा वर-खाली प्रमाणाबाहेर हलतो का हेही तेव्हाच पाहावं. मुख्य बेअरिंग झिजलं असेल तर कुठलंच सील टिकणार नाही.

सगळं दुरुस्त केलंच पाहिजे असं मात्र नाही. पाझर आणि गळती यांत फरक आहे. चेंबरच्या कडेला धूळ चिकटून तयार झालेली ओलसर काळी किनार, जी वर्षानुवर्षं तशीच आहे, खाली थेंब टाकत नाही आणि डिपस्टिक हलवत नाही, तिला राहू द्यावं. तिच्यासाठी इंजिन टांगून चेंबर उतरवणं, जुने बोल्ट मोडणं, यातून बरं काही होत नाही. पण काही ठिकाणी थेंबभरही चालवून घेऊ नये. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडणारं ऑइल, कारण तिथं आग लागू शकते. टायमिंग बेल्टवर पडणारं, कारण तेलानं बेल्ट फुगतो, दात सोडतो, आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकतात. क्लचवर, अल्टरनेटरवर, इंजिनच्या रबरी माउंटिंगवर पडणारं, कारण एक थेंब तिथं दुसरं मोठं काम तयार करत असतो. बाटलीतलं गळती थांबवणारं औषध जुन्या कडक रबराला थोडं फुगवतं, त्यामुळे पाझर काही काळ कमी होतो. चिरलेल्या गॅस्केटला आणि झिजलेल्या शाफ्टला त्याचा उपयोग नाही. जाड ऑइल घालण्याचंही तसंच. मॅन्युअलनं दिलेल्या ग्रेडपैकी जाडसर ग्रेड निवडणं ठीक, त्याच्या पलीकडे गेलं तर थंड इंजिनमध्ये ऑइल वर पोचायला उशीर होतो, आणि त्याची किंमत कॅम आणि बेअरिंग मोजतात.

काम झाल्यावर गाडीखाली एक मोठा, कोरा पुठ्ठा सरकवायचा. पुढच्या चाकांच्या खुणा त्यावर पेननं काढायच्या, म्हणजे दर वेळी तो त्याच जागी ठेवता येतो आणि कुठला थेंब इंजिनच्या कुठल्या भागाखाली पडला हे कळतं. पहिल्या सकाळी त्यावर थेंब असतोच. तो पाहून काळजात चर्र होतं, पण लगेच पान्हे काढू नयेत. ब्लॉकच्या कपारीत, ब्रॅकेटच्या मागे, बेल हाउसिंगच्या आत साठलेलं जुनं ऑइल पुढचे काही दिवस गरम होऊन उतरतच राहतं. नव्या गॅस्केटची कड बोटानं पुसून पाहावी. ती कोरडी असेल तर वाट पाहावी. थेंबाभोवती पेननं गोल काढायचा आणि शेजारी तारीख. दुसऱ्या दिवशी दुसरा गोल. कधी एक फिकट, सुरकुतलेली खूण उमटते, बोट लावलं तर कोरडी, वास नाही: ते एसीचं पाणी. तिला गोल नको. आठवड्याभरात गोल लहान होत जातात, वाटाण्याएवढे, मग टाचणीच्या डोक्याएवढे. मग एक तारीख येते, आणि तिच्यापुढे पुठ्ठा कोराच राहतो.